पापडाचे ऊन आणि माणसाचे ऊन

दिवाळी अंकात दिव्यांविषयी लिहावे, असा संकेत आहे. मी सूर्याविषयी लिहिणार आहे, आणि तेही भांडणाच्या पवित्र्यात. सोलापुरात राहणाऱ्या माणसाने उन्हाविषयी तक्रार करावी, यात कोणाला नवल वाटावयाचे नाही. पण माझी तक्रार उन्हाविरुद्ध नाही. उन्हाशी आपण ज्या तऱ्हेने वागतो, त्या तऱ्हेविरुद्ध आहे. वाचकांनी चकली खाता खाता वाचले तरी हरकत नाही. वाचून झाल्यावर आपल्या घरातले खिडक्यांचे पडदे तेवढे एकदा पाहावेत, एवढीच विनंती.

माझ्या लहानपणी आमच्या घराला माळवद होते. चैत्र सरत आला की त्या माळवदावर वाळवण पडे. उडदाचे पापड आई आधी घरात, सावलीत सुकवी आणि मग सकाळच्या उन्हात घटकाभर ठेवून लगेच उचलून घेई. कडक ऊन लागले की पापड वाकडा होतो, तडकतो. कुरडयांना आणि सांडग्यांना मात्र दोन-तीन दिवस खणखणीत ऊन हवे. नाहीतर पावसाळ्यात डब्याचे झाकण उघडताच कुबट वास येतो. साखरांब्याच्या बरणीला फडके बांधून ती उन्हात किती दिवस ठेवायची, मिरच्या केव्हा उलटायच्या, हे सारे तिला ठाऊक होते. कोणत्या पदार्थाला कोणत्या वेळचे, किती ऊन, याचे असे सूक्ष्म शास्त्र आपल्या घरोघरच्या बायकांनी कोणत्याही शाळेत न जाता जोपासले आहे.

तीच आई माझ्या थोरल्या बहिणीला मात्र म्हणे, "अगं, उन्हात जाऊ नकोस, काळी पडशील." त्यात वेळ नाही, महिना नाही, माप नाही, नुसती बंदी. पापडाच्या बाबतीत विचार होता, मुलीच्या बाबतीत भीती होती. आईला मी दोष देत नाही. तिच्यावर ती भीती वधूपरीक्षेला येणाऱ्या मंडळींनी लादली होती. पण आज माळवद गेले, त्या जागी चार मजली इमारत आली, मुली शिकल्या, नोकऱ्या करू लागल्या, आणि भीती मात्र जशीच्या तशी राहिली. तिच्या हातात फक्त एक ट्यूब आली आहे.

आपल्या मध्यमवर्गीय घरांत आज उन्हाविषयी दोन पक्ष आहेत. पहिल्याला मी पडदेवाल्यांचा पक्ष म्हणतो. या पक्षातल्या तरुण मुली दुचाकीवर निघताना चेहरा, मान आणि हात असे गुंडाळून घेतात, की सख्ख्या मावशीलाही ओळख पटू नये. त्या स्कार्फला मी हसणार नाही. मे महिन्याच्या दुपारी सात रस्त्यावरून जाणाऱ्या मुलीने डोके-तोंड झाकले, तर तिने शहाणपणच केले. माझा आक्षेप निराळा आहे. तोच स्कार्फ मार्गशीर्षातल्या थंडीतही तसाच असतो. मोटारीला काळी काच असते. घरी खिडकीला दुहेरी पडदा असतो. आणि वर्ष उलटले तरी कातडीला ऊन म्हणून लागत नाही. कारण विचारा. ऊन लागेल, असे उत्तर येत नाही. रंग जाईल, असे येते.

दुसरा पक्ष पहिलवानांचा. हे गृहस्थ छाती पुढे काढून सांगतात, "सूर्यनारायण हे आपले दैवत. आमच्या आजोबांनी जन्मात काळा चष्मा लावला नाही की तोंडाला मलम फासले नाही. काय बिघडले त्यांचे?" या गृहस्थांनी आपल्या आजोबांकडे नीट पाहिलेले नाही. आजोबांच्या डोक्याला भला मोठा पटका होता, अंगात जाड सुताची बंडी होती. आजीच्या डोक्यावर नऊवारीचा पदर होता. दुपार झाली की दोघेही बांधावरच्या लिंबाखाली भाकरी सोडून बसत. आणि इतके करूनही म्हातारपणी आजोबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तो वयाबरोबर उन्हानेही लवकर आणला असेल, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. आजोबा उन्हाशी झुंजत नव्हते. ते उन्हाला ओळखून वागत होते. नातू ओळख विसरला आणि झुंज तेवढी लक्षात ठेवली.

या दोन्ही पक्षांचे मूळ अज्ञान एकच आहे. ऊन आणि उष्मा या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे ते जाणत नाहीत. उष्मा अंगाला कळतो. त्याने घाम येतो, घसा सुकतो, प्रसंगी उष्माघाताने माणूस दगावतो. पण कातडीवर बरे-वाईट परिणाम करणारे जे अतिनील किरण, ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि अंगाला ऊनही लागत नाहीत. उष्मा दुपारी दोन-तीनच्या पुढे कळसाला पोचतो. किरण कळसाला पोचतात सूर्य माथ्यावर येतो तेव्हा, म्हणजे आपल्या सोलापूरच्या घड्याळात बाराच्या थोडे पुढे. म्हणून थंड वारे सुटलेल्या पौषातल्या माध्यान्हीही हे किरण कामावर हजर असतात, आणि भाद्रपदातल्या विरळ ढगांतूनही ते खाली उतरतात.

या किरणांच्या दोन जाती आपल्यापर्यंत पोचतात. लांब लहरींचे किरण कातडीत खोल जातात, तिला काळवंडवतात, सुरकुत्या पाडतात. आखूड लहरींचे किरण कातडी भाजतात. पण हाडांना लागणारे 'ड' जीवनसत्त्वही तेच कातडीत तयार करवतात. आता गंमत पाहा. खिडकीची साधी काच या दुसऱ्या जातीला अडवते आणि पहिल्या जातीला बरीचशी आत सोडते. तेव्हा काचेआड खुर्ची टाकून "मी रोज ऊन घेतो" असे सांगणारा मनुष्य काळवंडणे तेवढे पदरात घेतो आणि जीवनसत्त्वाला मुकतो. पहिलवान पक्षाचेही तेच. पहाटे सूर्य उगवतानाच्या कोवळ्या उन्हात आखूड लहरींचे किरण जवळजवळ नसतात. तिरप्या वाटेने येताना ते वातावरणातच गळून जातात. औंधच्या पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्काराचा प्रसार केला, तो बलोपासनेसाठी. आणि त्या कामी तो अमोल आहे. पण सहाच्या ठोक्याला बारा नमस्कार घातले म्हणजे हाडांचेही काम भागले, ही समजूत खोटी आहे.

हे काही आजचे नवे खूळ नव्हे. १८२२ साली श्न्यादेत्स्की नावाच्या पोलिश वैद्याने लिहून ठेवले, की वॉर्सा शहरातल्या कोंदट गल्ल्यांतील मुलांना मुडदूस होतो आणि बाहेरच्या खेड्यांतल्या मुलांना तो क्वचितच होतो; कारण उन्हाचा अभाव. १९१९ साली बर्लिनमध्ये हुल्डशिन्स्की या डॉक्टराने मुडदूस झालेल्या मुलांवर पाऱ्याच्या दिव्याचे अतिनील किरण सोडून त्यांची हाडे सुधारल्याचे दाखवून दिले. तेव्हा आपण म्हणालो असू, की हा थंड देशांचा प्रश्न. आम्हाला काय त्याचे? पण २००० साली दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतल्या डॉक्टरांनी धडधाकट माणसांचे रक्त तपासून पाहिले, तेव्हा रुग्णालयात काम करणाऱ्या डॉक्टर-परिचारिकांतही 'ड' जीवनसत्त्वाची वाण आढळली. उन्हात कवायत करणाऱ्या सैनिकांची स्थिती त्यांच्याहून बरी होती. पुण्यातल्या झोपडवस्त्यांतील लहान मुलांच्या पाहणीतही तेच दिसले: जिथे घरे इतकी दाटीने उभी, की अंगणात ऊन उतरत नाही, तिथे मुडदूस अधिक. सूर्याच्या देशात उन्हाचा दुष्काळ, ही नदीकाठी घसा कोरडा पडण्यातली गत झाली.

आता हा दुष्काळ आणि ही अतिवृष्टी आमच्या सोलापुरात कोणाच्या वाट्याला येते, ते पाहा. हे गाव विड्यांचे आणि कापडाचे. अशोक चौकाच्या आसपासच्या वस्त्यांत हजारो बायका मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळतात. पाने ओली राहावीत, तंबाखू उडू नये, म्हणून घराच्या आत किंवा दाराशी आडोशाला बसतात. उन्हाच्या राजधानीत राहून त्यांच्या अंगाला ऊन लागत नाही. पाठ दुखते, मांड्या दुखतात, जिना चढवत नाही. "बसून बसून असंच होतंय" म्हणून त्या गप्प राहतात. दुखण्याला बसणेही कारण असेल. पण त्यांच्या हाडांची विचारपूस कोणी केली आहे? यंत्रमागाच्या खोल्यांत राबणाऱ्या पुरुषांची गोष्ट निराळी नाही. आणि त्याच गावात मे महिन्याच्या भर दुपारी रस्त्यावर डांबर टाकणारी बाई, मार्केट यार्डात पोती वाहणारा हमाल, हातगाडीवर कलिंगड विकणारा पोऱ्या, यांना सावली नाही. एकाला जे हवे ते दुसऱ्यावर आग होऊन कोसळते आहे.

दर उन्हाळ्यात सरकारी पत्रक निघते: दुपारी १२ ते ३ या वेळात उन्हात जाऊ नये. हे पत्रक कोणासाठी लिहिलेले असते? ज्याला ते पाळणे शक्य आहे, तो पंख्याखाली बसून ते वाचतो. ज्याला त्याची गरज आहे, त्याने ते पाळले तर त्याची अर्धी मजुरी कापली जाते. ज्या सूचनेबरोबर मजुरीची हमी नाही, ती आरोग्याची सूचना नव्हे. तो नुसता शिष्टाचार आहे. काम पहाटे सुरू करून अकराला थांबवा, तिसऱ्या प्रहरानंतर पुन्हा चालू करा, आणि मजुरी पुरी द्या. कामाच्या जागी ताडपत्रीचा एक मांडव आणि पाण्याचा एक माठ ठेवा. मुकादमाच्या खुर्चीवर छत्री धरता येते, तर खडी फोडणाऱ्या बाईच्या डोक्यावर का धरता येत नाही?

आता त्या ट्यूबकडे वळतो. उन्हापासून बचाव करणारे मलम ही वाईट वस्तू नाही. ज्यांना वांग येतो, ज्यांच्या कातडीला ऊन सोसत नाही, ज्यांना भर दुपारी हिंडावेच लागते, त्यांनी ते जरूर वापरावे. आणि वापरायचे तर चेहऱ्याला व मानेला मिळून दोन बोटे भरतील इतके, हातचे न राखता लावावे. मलमामुळे हाडे ठिसूळ होतात, असा कांगावाही मी करणार नाही. आपण लावतो ते इतके थोडे आणि इतके विरळ, की किरण आत यायचे थांबत नाहीत. दोष मलमाचा नाही, त्याच्या पाठीमागच्या हेतूचा आहे. १९८१ साली ऑस्ट्रेलियात लोकांना सदरा घाला, मलम लावा, टोपी घाला असे शिकवणारी मोठी मोहीम निघाली. ती योग्यच होती, कारण तिथल्या गोऱ्या कातडीला त्या उन्हात कर्करोग होतो आणि पुष्कळांना होतो. आपल्या सावळ्या कातडीत निसर्गाने रंगद्रव्याची छत्री आधीच शिवून दिलेली आहे. कर्करोगाचे भय आपल्याला त्यांच्या मानाने फार थोडे. पण त्याच छत्रीमुळे जीवनसत्त्व तयार व्हायला आपल्याला ऊन त्यांच्याहून अधिक वेळ लागते. त्यांचा उपदेश आपण शब्दशः उचलला आणि हिशेब उलटा झाला.

आणि आपण तो उचलला तरी कशासाठी? आरोग्यासाठी नव्हे. १९७५ साली या देशात 'फेअर अँड लव्हली' आले आणि घरोघर पोचले; २०२० साली त्याच्या नावातला गोरेपणा सांगणारा शब्द काढावा लागला. नाव बदलले. वधू-वर सूचक मंडळाच्या यादीतला 'गोरी' हा शब्द कोणी काढला? ज्या जिल्ह्यात पंढरपूर आहे, ज्या जिल्ह्यातली माणसे सावळ्या विठ्ठलाच्या पायांवर डोके ठेवायला उन्हातान्हात चालत जातात, तीच माणसे घरी परतून सुनेसाठी गोरी मुलगी शोधतात. देव सावळा चालतो, सून चालत नाही!

याची किंमत कोण देते, ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. आमच्या शेजारच्या एका मुलीला दोन ठिकाणांहून नकार आला. मुलगी हुशार, पदवीधर. नकाराचे कारण कोणी स्पष्ट सांगितले नाही, पण घरात सर्वांना कळले. कोणाच्या तरी सल्ल्याने तिने एका दुकानातून मलमाची नळी आणली. महिनाभरात चेहरा उजळला. घरात आनंदीआनंद झाला. त्या नळीत स्टेरॉइड होते. वर्ष-दीड वर्ष ती ते लावीत राहिली. हळूहळू कातडी कागदासारखी पातळ झाली, गालांवर लाल शिरा दिसू लागल्या, पुरळ उठले, आणि लावणे थांबवताच तोंडाची आग होऊ लागली. दारात पाऊल टाकले की चेहरा पेटे. ज्या उन्हाला ती रंगासाठी भीत होती, ते आता खरोखरीच तिचे वैरी झाले. दोन वर्षे ती पडद्याआड होती. कातडीच्या डॉक्टरांनी तिला सावरले; पण तोवर पायांची हाडे दुखू लागली होती, आणि रक्त तपासले तेव्हा 'ड' जीवनसत्त्व तळाला गेलेले आढळले. अशी मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकू नयेत, असा नियम सरकारने २०१८ साली कडक केला. नियम कागदावर आहे. तिची आई मला म्हणाली, "भाऊ, मी तिला उन्हापासून जपलं हो." मला उत्तर सुचले नाही. आज सुचते आहे: वहिनी, जपायचे होते ते त्या पाहुण्यांपासून.

केवळ दोष दाखवून मोकळे होणे मला मान्य नाही. मग किती ऊन घ्यावे? घड्याळ बघू नका, सावली बघा. आपली सावली आपल्या उंचीएवढी असते, ती वेळ ऊन घेण्याची. सावली लांबलचक असेल तर किरण दुबळे आहेत. सावली आखूड होऊन पायाशी गोळा झाली, की झाड गाठा. ही उंचीएवढी सावली सोलापुरात मे महिन्यात सकाळी सव्वानवाच्या सुमारास पडते, दिवाळीत दहाच्या थोडे पुढे, आणि ऐन थंडीत अकरा वाजून गेल्यावर. लंडनमध्ये डिसेंबरच्या माध्यान्हीही सावली माणसाच्या तिपटीहून लांब असते. म्हणून तिथे राहणाऱ्या आपल्या लेकी-सुनांना हिवाळ्यात गोळ्या घ्याव्या लागतात. आपल्याकडे वर्षातला एकही दिवस असा नाही, की माध्यान्हीची सावली आपल्या उंचीहून आखूड होत नाही. इतके दान दाराशी असताना आपण औषधाच्या दुकानापुढे रांग लावतो!

त्या वेळी आठवड्यातले चार-पाच दिवस, हात कोपरापर्यंत आणि पाय पोटऱ्यांपर्यंत उघडे ठेवून, अर्धा तास उन्हात बसावे. भाजी निवडावी, वर्तमानपत्र वाचावे, नातवाशी खेळावे. चेहरा काळवंडण्याचे भय वाटत असेल तर तो खुशाल झाकावा. हाडांना चेहऱ्याचाच आग्रह नाही. लहान बाळांना मात्र थोडा थोडा वेळच, डोळ्यांवर सावली धरून न्यावे. जास्त वेळ बसल्याने जास्त लाभ होत नाही. पुरेसे झाले की कातडी पुढचे जीवनसत्त्व आपणच मोडून टाकते. गोळ्यांना असा लगाम नाही, म्हणून त्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. कोड, उन्हाची ॲलर्जी किंवा त्वचेचे दुखणे असलेल्यांनी आणि औषधे चालू असलेल्यांनीही आधी डॉक्टरांना विचारावे. आणि भर उन्हात जावेच लागले, तर पहिला आधार कापडाचा घ्या. घट्ट विणीचे, गडद सुती कापड भल्या भल्या मलमांच्या तोडीचे काम करते. ज्या गावाने देशाला चादरी आणि टॉवेल विणून दिले, त्या गावाला हे सांगावे लागू नये.

शाळांना माझे एक मागणे आहे. कवायतीचा तास भल्या पहाटे किंवा भर दुपारी ठेवू नका. थंडीच्या दिवसांत तो मधल्या सुटीला लागून ठेवा, आणि मुलींना वर्गात बसवू नका. विडी कारखानदारांना सांगणे आहे: पाने-तंबाखू नेण्या-आणण्याच्या जागी एक मोकळे अंगण ठेवा. नगरपालिकेने रुंद केलेल्या रस्त्यांच्या कडेला पुन्हा कडुलिंब लावावेत. आणि घरच्या मंडळींना सांगणे एवढेच, की मुलगी पाहायला जाल तेव्हा तिच्या रंगाविषयी बोलणे बंद करा. एवढे एक केलेत, तरी निम्मे पडदे आपोआप उघडतील.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात एके दिवशी, दुपारी बाराच्या थोडे पुढे, सूर्य सोलापूरच्या अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. हौशी मंडळी मुलांना गच्चीवर नेऊन ही गंमत दाखवतात. पुढच्या वर्षी जरूर दाखवा. फक्त मुलांना गच्चीच्या कठड्यावरून खाली रस्त्यावरही पाहायला सांगा. तिथे कोणीतरी डोक्यावर पाटी घेऊन चालले असेल, आणि त्याच्याही पायाशी त्या घटकेला सावली नसेल.